तपासले, सुरक्षित

११ सप्टेंबर, गुरुवार

शाळेतून फोन आला तेव्हा मी दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. हात ग्रीसने माखलेले, फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या मुलीने वर्गातल्या एका मुलीला ढकललंय. लगेच या."

ठमीने! मुंगी दिसली तर वाट बदलणारी पोरगी ती.

तसाच गेलो. ठमी ऑफिसबाहेरच्या बाकावर, दप्तर पोटाशी धरून. पडलेल्या मुलीचं कोपर खरचटलंय, बाकी ठीक आहे. मग बाईंनी एकेक बाहेर काढलं. रोज उशीर. मधल्या सुट्टीत घरी पळ काढणं. वर्गात चोरून फोन. आज ती आईला फोन लावत होती आणि मैत्रिणीने गमतीत फोन हिसकावून घेतला, म्हणून ढकललं. फोन कशाला? तर घरचा गॅस बंद आहे का ते विचारायला.

आठवडाभर घरी ठेवायला सांगितलंय. "पंधरा वर्षांची आहे, लहान नाही. तज्ज्ञाला दाखवा." कुठल्या तज्ज्ञाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

परत येताना ठमी एकच वाक्य बोलली. "बाबा, गॅस बंद आहे ना? तू बघितलास ना?" मी तर घरातून सगळ्यांच्या आधी निघालेलो. तरी "बघितला" म्हणालो आणि गाडी चालवत राहिलो.

१२ सप्टेंबर

बायकोने चष्म्याच्या दुकानातून सुट्टी घेतली. लेकीशी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. बोलता बोलता तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली, तर ठमी किंचाळली — "माझ्याजवळ येऊ नकोस! लांब राहा!" बायको बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. नळ मोठा सोडला की ती रडत असते, हे मला एवढ्या वर्षांत कळतं.

मला ठमीचा राग आलाय. बापाशेजारी बसते, बापाला शंभर प्रश्न विचारते. आई जवळ आली की विंचू चावल्यासारखी उठते. काय घोडं मारलंय आईने तिचं?

१५ सप्टेंबर

नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. "वय आहे हो. मोबाइल कमी करा." टॉनिक लिहून दिलं. ठमीने विचारलं, "हे चुकून आईने घेतलं तर तिला काही होणार नाही ना?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

ताईचा फोन. "लाडावून ठेवलीयस तू. वेळेवर दोन ठेवून दिल्या असत्यास तर ही वेळ आली नसती." ताईची दोन्ही मुलं दूरदेशी, वाढदिवसाला फोन करतात. उंटावरून शेळ्या हाकायला तिचं काय जातं? पण फोनवर "हो ताई, हो ताई" केलं. मोठी आहे.

१८ सप्टेंबर

आज डोक्यात एक कल्पना आली आणि ती चालली!

आमच्या कामात असं असतं — लिफ्टची तपासणी झाली की मशीनरूममध्ये हिरवं कार्ड लावायचं. "तपासले. सुरक्षित." खाली तारीख आणि सही. ते कार्ड दिसलं की पुढचा माणूस पुन्हा नटबोल्ट उघडत बसत नाही. सहीवर भरवसा ठेवून कामाला लागतो. मग घरात का नको?

कोरी कार्डं घेऊन आलो. एक गॅसच्या शेगडीला बांधलं, एक मेन स्विचला, एक इस्त्रीला, एक दाराच्या कडीला. सगळं तिच्यादेखत तपासलं आणि झोकात सही केली. ठमीने कार्ड वाचलं, माझ्या सहीवरून बोट फिरवलं आणि हसली. किती दिवसांनी! रात्रीच्या जेवणापर्यंत एकदाही विचारायला आली नाही. बायको म्हणाली, "लिफ्टवाल्याचं डोकं चाललं म्हणायचं." छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

२२ सप्टेंबर

शाळा सुरू. वेळेवर पोचली. पोरगी मार्गाला लागली!

२५ सप्टेंबर

कसली मार्गाला लागतेय.

"बाबा, ही सही सकाळची आहे. आता दुपार झाली." म्हणून दुपारची सही. मग संध्याकाळची. मग नळांना कार्ड, खिडक्यांना कार्ड, आईच्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या डबीला कार्ड. माझ्या गाडीच्या ब्रेकला एक. घराची मशीनरूम झालीय. काल शेजारचे काका साखर मागायला आले आणि कार्डं वाचत वाचत उलट्या पावली गेले, साखर न घेताच.

आज लिफ्टच्या केबिनच्या छतावर उभा असताना तिचा फोन. नाही उचलला. पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. वाजतच राहिला. शेवटी एका हाताने दोर धरून फोन घेतला आणि म्हणालो, "सुरक्षित." माझा जोडीदार वरून बघत होता. म्हणाला, "अरे, छतावर उभं राहून फोन घेतोस? एक दिवस मरशील."

२८ सप्टेंबर, रविवार

आज सही करायला नाही म्हणालो. एकदा केलीय, पुरे. ठमीने पाण्याचा जग उचलला आणि भिंतीवर फेकला. काचा स्वयंपाकघरभर. बायको वेचायला वाकली तर ठमी तिच्यावरच ओरडली, "तू काचेला हात लावू नकोस!" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने बघतो तर तिच्या दारावर लाल कार्ड. माझ्या पिशवीतून घेतलेलं. लाल कार्ड आम्ही बिघडलेल्या लिफ्टला लावतो — "धोका. वापर बंद." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं ज्या कामावर घर चाललंय त्याची ही टिंगल? कार्ड ओढून फाडलं. दाराबाहेरून वाट्टेल ते बोललो.

संध्याकाळी दारावर दुसरं लाल कार्ड होतं.

२९ सप्टेंबर

बायको भाजी चिरायला गेली तर घरात एकही सुरी नाही. कात्री नाही. काल होत्या. शोधशोध शोधल्या, तेव्हा वॉशिंग मशीनच्या मागे सापडल्या. जाड टॉवेलात गुंडाळून वर दोरीने करकचून बांधलेल्या.

पाचावर धारण बसली आमची. दोघांच्या मनात एकच आलं, मी गिळलं आणि तिने बोलून दाखवलं. "जिवाचं काही करून घेणार नाही ना रे ती?"

ठमीला सरळ विचारलं. आवाज चढवला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "मला मरायचं नाहीये बाबा."

"मग सुऱ्या का लपवल्यास?"

"ते नको विचारूस."

बायको आज तिच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलीय. आतून ठमी म्हणते, "आई, जा ना तिथून. प्लीज जा." बायको जागची हलत नाही.

३० सप्टेंबर

कामावर गेलो नाही. सकाळपासून फोन.

मोठ्या हॉस्पिटलात — "जानेवारीतली तारीख देऊ?" मी म्हणालो, घरातल्या सुऱ्या मशीनमागे सापडल्यात हो. बाई म्हणाली, "मग इमर्जन्सीत आणा. काही केलंय का तिने?" अजून नाही केलं. "मग जानेवारी." दुसरीकडे अठराच्या खालचे घेत नाहीत. तिसरीकडे फक्त लहान मुलं, बारापर्यंतची. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला उतरायला या गावात मजलाच नाही! शाळेच्या समुपदेशकांना फोन केला तर ते सहलीच्या बसबरोबर गेलेले.

शेवटी हेल्पलाइन. तिथल्या बाईला कसलीच घाई नव्हती. "आत्ता मुलगी कुठे आहे? जवळ कोण आहे?" असं आधी विचारलं. मग मला बोलू दिलं. मी ततपप करत कार्डं, जग, सुऱ्या, सगळं उलटसुलट सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. सुऱ्या आणि औषधं कुलपात ठेवायला सांगितलं, ठमीला एकटी सोडू नका म्हणाली. मग एका केंद्राचा पत्ता दिला, या वयाच्या मुलांसाठीच आहे म्हणे. "उद्या सकाळी जा. मी आत्ताच फोन करून ठेवते. आणि तुम्ही काही खाल्लंय का आज?"

हे विचारायला नको होतं तिने. फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडलो.

१ ऑक्टोबर

केंद्र म्हणजे लाँड्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून वाफेचा वास येतो. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या कोटातलं असेल. तर एक बाई, कॅनव्हासचे बूट, चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि तोच शोधत टेबल धुंडाळणारी. बायकोने सवयीने सांगितलं, "डोक्यावर आहे." ठमीच्या तोंडाचा कोपरा हलला.

आधी आम्हा तिघांशी बोलल्या, मग ठमीला एकटीला आत घेतलं. आम्ही बाहेर. त्या दाराचं बिजागर सैल आहे, माझे हात शिवशिवत होते. बराच वेळ गेला. ठमी बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण खांदे कधी नव्हे ते खाली आलेले.

बाई म्हणाल्या, "आज एवढंच सांगते — तिला जीव द्यायचा नाहीये. मी नीट, पुन्हा पुन्हा विचारलंय. बाकीचं तिला जमेल तेव्हा ती स्वतः सांगेल. ते तिचं आहे, मी नाही सांगणार."

जीव थोडा भांड्यात पडला. त्या भरात मी माझ्या हिरव्या कार्डांचं कौतुक सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मायेनेच केलंत तुम्ही. पण प्रत्येक सहीने तिच्या भीतीला खतपाणी मिळतं. तुमची सही झाली की तिला बरं वाटतं, आणि मग सहीशिवाय राहताच येत नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं. बायकोने टेबलाखालून माझा हात धरला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज ठमीने सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो.

ती बाईंच्या शेजारी बसली होती, आम्ही समोर. जमिनीकडे बघत बोलली. "माझ्या मनात येतं की मी आईला मारीन."

खाली लाँड्रीचं मशीन घरघरत होतं.

मग धरण फुटल्यासारखं सगळं आलं. सुरी दिसली की डोळ्यांपुढे चित्र येतं. काच दिसली की येतं. गॅस आपणच मुद्दाम चालू ठेवला असेल आणि आपल्याला आठवत नसेल, असं वाटतं. आई जवळ आली की वाटतं, आत्ता माझा हात उठेल. "मला तसं करायचं नाहीये. मला ते नको असतं. तरी येतं. म्हणून मी लांब राहते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बिघडलेल्या लिफ्टला लावतोस ना तू लाल कार्ड. माणसांनी आत जाऊ नये म्हणून."

मी ते कार्ड फाडलं होतं. टिंगल म्हणालो होतो. पोरीने स्वतःला लावलं होतं ते.

बायको म्हणाली, "मला वाटायचं, तुला मी आवडतच नाही."

"तूच जास्त आवडतेस," ठमी म्हणाली. "म्हणून तर तुझेच विचार येतात."

बापाबद्दल असलं काही मनात येत नाही म्हणे. एरवी मला वाईट वाटलं असतं.

बाईंनी समजावलं. हा आजार आहे, याला ओसीडी म्हणतात. मी विचारलं, म्हणजे मंत्रचळ? म्हणाल्या, "लोक हात धुण्याला आणि कुलूप ओढून बघण्याला मंत्रचळ म्हणतात. नुसते विचारही असतात, ते दिसत नाहीत. असला भलता विचार कधीतरी प्रत्येकाच्या मनात चमकून जातो, आपण झटकून टाकतो. हिला त्याची इतकी भीती वाटली की तो चिकटूनच बसला. आईवर इतका जीव आहे म्हणून." बायकोला म्हणाल्या, "ती तुमच्यापासून पळत नव्हती. तुमची राखण करत होती."

आता उपचार. कार्डं एकेक करून काढायची, कुठलं आधी ते ठमी ठरवेल. सुऱ्या कुलपातून पुन्हा ओट्यावर. आणि तिने विचारलं की आम्ही "सुरक्षित आहे" म्हणायचं नाही. म्हणायचं — "असेलही, नसेलही." मी! सगळं आयुष्य सुरक्षितच्या खाली सह्या करण्यात गेलं माझं.

१४ ऑक्टोबर

इस्त्रीचं कार्ड काढलं. ती रडली. मी तोंड दाबून धरलं.

२१ ऑक्टोबर

वाईट दिवस. गॅसचं कार्ड काढल्यावर ठमीने दाराला लाथा घातल्या. "एक शब्द बोलायला काय जातं तुझं? तुला माझी पर्वाच नाही!" मी "असेलही, नसेलही" म्हणत उभा. इतकं क्रूर वाक्य मी आजवर कुणाला म्हटलं नसेल. ती दमून जमिनीवर बसली. मीही शेजारी बसलो. मग ती हळूच म्हणाली, "थोडं कमी झालं, बाबा." आपोआप. सहीशिवाय.

परवा मात्र फोनवर माझ्या तोंडून "सुरक्षित आहे गं" निसटलं. बाईंकडे जाऊन कबूल केलं. म्हणाल्या, "तिच्यापेक्षा तुमची सवय जुनी आहे." तिथल्याच डॉक्टरांनी ठमीला औषधही सुरू केलंय. त्याने भूक वाढलीय, ही तरी बरी गोष्ट.

बायको रोज संध्याकाळी सोफ्याच्या एका टोकाला बसते, ठमी दुसऱ्या टोकाला. मध्ये उश्या. बाईंनी सांगितलंय — जेवढं सोसेल तेवढंच. आज एक उशी ठमीने स्वतः काढून ठेवली. बायकोने न बघितल्यासारखं केलं आणि वर्तमानपत्र वाचत राहिली. पेपर उलटा होता.

५ नोव्हेंबर

ताई राहायला आली. माझं धाबं दणाणलं होतं. आल्या आल्या म्हणाली, "काय चाललंय तुमचं? डॉक्टर काय, बाई काय!"

आज सकाळी ठमी शाळेला निघाली. गॅसकडे एकदाच बघायचं आणि निघायचं, असं ठरलेलं. दारापर्यंत गेली. थांबली. मूठ आवळली, ओठ चावले. मागे वळली नाही, पण पुढेही पाऊल पडेना. ताई चहाचा कप हातात घेऊन हे सगळं बघत होती. मला वाटलं, आता सुरू होईल हिचं. तर कप ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाली, "मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सोबत करतेस का गं? एकटीला कंटाळा येतो." दोघी गेल्या. संध्याकाळी ताई मला म्हणाली, "मी काहीबाही बोलले होते रे फोनवर." मी म्हणालो, जाऊ दे.

१७ नोव्हेंबर

घरात आता तीनच कार्डं. शाळेतून बरे शब्द कानावर येतात. ज्या मुलीला ढकललं होतं तिच्याकडे ठमी स्वतः जाऊन बोलून आली. सोफ्यावर एकच उशी उरलीय.

पण एक अडलंय. आईबरोबर ती घरात एकटी थांबत नाही. मी कामावर निघालो की दप्तर घेऊन खाली फाटकाशी जाऊन उभी राहते, शाळेला कितीही वेळ असो. आज तर पाऊण तास थंडीत उभी होती. बायको खिडकीतून बघत होती. "काही बोलू नकोस तिला," मला म्हणाली. बाई म्हणतात, हे सगळ्यात अवघड आहे, घाई नको. मला मात्र रात्रंदिवस तेच — हे नाही जमलं तर? आमची लेक आयुष्यभर फाटकाशीच उभी राहिली तर? बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला उत्तर कळलं. असेलही, नसेलही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बायकोला कालपासून सणसणून ताप. सकाळी फोन आला, एका इमारतीत लिफ्ट अडकलीय, आत दोन म्हाताऱ्या बायका. जावंच लागणार होतं. बूट घालताना बघतो तर ठमीही दाराशी, बूट हातात घेऊन. तिने आतल्या खोलीकडे बघितलं. आई कण्हत होती. ठमीने बूट खाली ठेवले. "तू जा, बाबा."

दुपारी परतलो. घर चिडीचूप. आत डोकावलो. बायको झोपलेली, ताप उतरलेला, कपाळावर ओली घडी. ठमी पलंगाच्या काठावर, भिंतीला टेकून बसलेली.

"गोळी दिली," कुजबुजत म्हणाली. "बरोबर दिली असेल."

कुठली, किती, केव्हा — सगळं जिभेवर आलं. विचारलं नाही.

बायको झोपेतच कुशीवर वळली. तिचा हात ठमीच्या मांडीवर पडला. ठमी सरकली नाही.